आमच्या गावाला आगगाडी का नाही?



वर्गात घर्षण शिकवत होतो. फळ्यावर रूळ काढला होता, त्यावर चाक काढले होते आणि "रेल्वेच्या चाकाला घर्षण फार कमी असते" हे नेहमीचे वाक्य बोलून झाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगा नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचा, पुरुषोत्तमनगरचा. तो म्हणाला, "सर, घर्षण कमी म्हणजे माल न्यायला खर्च कमी. आमच्याकडे गहू आहे, ज्वारी आहे, कापूस आहे, ऊस आहे, साखर कारखानाही आहे. मग आमच्या गावाला आगगाडी का नाही? गाडी पकडायची तर आम्हाला तापी ओलांडून दोंडाईचाला नाहीतर नंदुरबारला जावे लागते."

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. "हा प्रश्न भूगोलाच्या सरांना विचार" असे म्हणून मोकळे होता आले असते. पण त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच फळ्यावर काढलेले होते आणि ते मीच नीट वाचले नव्हते. पुढचे दोन तास आम्ही त्या एका प्रश्नावर घालवले. त्यात जे हाती लागले ते तुमच्यापुढे मांडतो. वही-पेन्सिल जवळ ठेवा. आकडेमोड सोपी आहे, पण ती केल्याशिवाय मजा कळायची नाही.

सपाट रस्त्यावरचा चढ

प्रथम बैलगाडीकडे पाहू. पावसाळा नुकताच संपलेला आहे, काळ्या मातीची वाट आहे आणि गाडीत ज्वारीची पोती आहेत. चाक थोडे रुतते. चाकाच्या पुढे मातीचा लहानसा बांध तयार होतो. चाक तो बांध चढते, माती दाबली जाते, पुढे नवा बांध तयार होतो. म्हणजे वाट दिसायला सपाट असली तरी चाक सतत स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत असते. बैलांचे बळ मुख्यतः यातच खर्ची पडते.

आता रुळावरचे चाक पाहा. चाकही पोलादाचे, रूळही पोलादाचा. दोन्ही इतके कठीण की एवढ्या प्रचंड भाराखालीही फारसे दबत नाहीत. चाक आणि रूळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श होतो तो भाग एखाद्या लहान नाण्याएवढा असतो. खड्डा जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे चढायचेही जवळजवळ काही नसते.

हा 'लपलेला चढ' आकड्यांत मांडता येतो. साध्या मातीच्या वाटेवर गाडी ओढायला ओझ्याच्या सुमारे विसाव्या भागाएवढे बळ लागते. चांगल्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरच्या वाहनाला सुमारे शंभरावा भाग लागतो, तर रुळावर सुमारे पाचशेवा भाग पुरतो. वाट, वाहन, वेग यांप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात, पण आपल्या कामाला पुरेसे आहेत.

एक टन ओझ्याचे वजन सुमारे १०,००० न्यूटन धरा. मग सपाटीवर एक टन माल ओढत ठेवायला लागणारे बळ असे येते:

मातीच्या वाटेवर : ५०० न्यूटन
डांबरी रस्त्यावर : १०० न्यूटन
रुळांवर : २० न्यूटन

२० न्यूटन म्हणजे किती? दोन किलोची पिशवी हातात धरून उभे राहायला लागते तेवढे बळ! वाऱ्याचा विरोध आणि वळणे सोडून दिली, तर दोन किलोच्या पिशवीएवढ्या बळाने दहा क्विंटल धान्य रुळावरून चालत राहते. रेल्वेने जग बदलले ते या एका आकड्याच्या जोरावर.

हेच वेगळ्या शब्दांत सांगू. बैलगाडी सपाट मातीवर चालते तेव्हा ती जणू '२० ला १' असा चढ चढत असते, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. आगगाडी सपाटीवर जणू '५०० ला १' चा चढ चढत असते. ही भाषा लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

खराखुरा चढ आला की काय होते?

आता वाटेत डोंगर आला असे समजा. खरा चढ आहे ३७ ला १. हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा ते इगतपुरी हा थळ घाट लागतो, तिथला चढ ३७ ला १ आहे. हा घाटातला मार्ग १८६५ साली सुरू झाला.

चढावर एक टन ओझ्यामागे जास्तीचे १०,००० ÷ ३७, म्हणजे सुमारे २७० न्यूटन बळ लागते. चाक कसलेही असो, वाट कसलीही असो, हा आकडा सर्वांना सारखाच, कारण तो फक्त गुरुत्वाकर्षणाचा आहे. आता बेरीज करा.

बैलगाडी : ५०० + २७० = ७७० न्यूटन. म्हणजे सपाटीच्या सुमारे दीडपट.
आगगाडी : २० + २७० = २९० न्यूटन. म्हणजे सपाटीच्या साडेचौदा पट!

पाहिलेत? चढ एकच, पण बैलांना तो दीडपट जाणवतो आणि इंजिनाला साडेचौदा पट. जे चाक सपाटीवर जितके सुखाने चालते, तितका त्याला चढ जड जातो. गाडीवान घाट पाहून दोन शिव्या देईल, बैलांना दम खाऊ देईल आणि चढून जाईल. रेल्वेचा अभियंता मात्र तोच घाट पाहून नकाशा गुंडाळील आणि दुसरी वाट शोधू लागेल.

म्हणून बैलगाडीच्या वाटा गावावरून गावाकडे सरळ जातात आणि रेल्वेचे रूळ सपाटीच्या मागे वळणे घेत जातात. गाव वाटेत आले तर आले.

घरी करून पाहा

टेबलावर सपाट काच ठेवा. काचेवर एक गोटी ठेवा. ती कोणत्याही बाजूला आपोआप घरंगळत नसेल तर काच समपातळीत आहे. नसेल तर खाली कागदाच्या घड्या सरकवून ती समपातळीत आणा. आता काचेच्या एका टोकाखाली पत्त्यांच्या जोडातील एकेक पत्ता सरकवत जा. प्रत्येक वेळी गोटीला उताराच्या दिशेने अगदी हलका धक्का द्या. ज्या उतारावर गोटीचा वेग वाढतही नाही आणि कमीही होत नाही, तो उतार नोंदवा. पत्त्यांची एकूण जाडी भागिले काचेची लांबी, हा झाला तुमच्या गोटीचा 'लपलेला चढ'.

आता काचेवर जाडसर टॉवेल घडी करून पसरा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. यावेळी पत्ते पुरणार नाहीत, पुस्तके लागतील. काच म्हणजे रूळ आणि टॉवेल म्हणजे काळी माती.

या प्रयोगात एक सुंदर गोष्ट दडली आहे. ज्या उतारावरून वस्तू एकाच वेगाने आपोआप खाली येते, नेमक्या त्याच चढावर तिला वर ओढायला सपाटीच्या दुप्पट बळ लागते. का ते स्वतः शोधा. एवढे सांगतो, की यासाठी वेगळे सूत्र लागत नाही.

इंजिनाची पकड

"पण सर, मोठे इंजिन लावले की झाले!" असे वर्गात कोणीतरी म्हणणारच, आणि म्हणालेही. इथे दुसरी अडचण येते. इंजिन गाडी ओढते ते चाकांनी रुळांना मागे रेटून. रूळ गुळगुळीत असल्यामुळे गाडी सहज चालते, पण त्याच गुळगुळीतपणामुळे इंजिनाची चाके जागच्या जागी घसरूही शकतात. कोरड्या रुळावर चाके न घसरता इंजिन जास्तीत जास्त आपल्या वजनाच्या सुमारे पाव पट बळ लावू शकते असे धरून चालू. पावसात हे बळ आणखी कमी होते. म्हणूनच इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाक घसरू लागले की रुळावर वाळू सोडतात. जे घर्षण नको नको म्हणून आपण पोलादाची चाके केली, तेच इंजिनापुरते विकत घ्यावे लागते!

समजा इंजिन १०० टनांचे आहे. त्याचे वजन १०,००,००० न्यूटन, म्हणजे त्याला २,५०,००० न्यूटनपर्यंत बळ लावता येईल. आता धान्याची एक मालगाडी घेऊ. ४० वाघिणी आणि प्रत्येकीत ६० टन धान्य, म्हणजे २,४०० टन. रिकाम्या वाघिणीचे वजन २५ टन धरले तर आणखी १,००० टन. त्यात इंजिनाचे १०० टन मिळवा. एकूण ३,५०० टन.

सपाटीवर लागणारे बळ : ३,५०० × २० = ७०,००० न्यूटन. इंजिनाला हे सहज जमते.

२०० ला १ चढावर : ३,५०० × (२० + ५०) = २,४५,००० न्यूटन. जेमतेम जमते.

३७ ला १ चढावर : ३,५०० × २९० = १०,१५,००० न्यूटन. अशी चार इंजिने लागतील, आणि त्यांचे स्वतःचे वजन धरले तर चारही पुरणार नाहीत.

कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिने जोडतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ती का जोडतात, ते आता तुम्ही आकड्यांनी सांगू शकाल.

आता नकाशा उघडा

महाराष्ट्राचा आणि गुजरातचा, डोंगर व नद्या दाखवणारा नकाशा समोर घ्या. तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या उत्तरेला सातपुडा आहे. दक्षिणेला खानदेशचे मैदान आहे. पश्चिमेला, तापीच्या दक्षिणेस, सह्याद्रीचे उत्तर टोक बुटके होत होत संपते.

खानदेशात रेल्वे प्रथम आली ती मुंबईहून, थळ घाट चढून. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही गावे जोडली. खानदेशचा कापूस आणि धान्य मुंबईला जाऊ लागले. पण या वाटेचा हिशेब पाहा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर उंचीवर आहे आणि इगतपुरी सुमारे ६०० मीटर. समुद्राकडे जायला निघालेला माल आधी जवळजवळ ४०० मीटर वर चढवायचा आणि मग घाटातून ब्रेक दाबत खाली आणायचा! एक टन माल ४०० मीटर उचलायला १०,००० × ४०० = ४० लाख ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच ऊर्जेत तो सपाट रुळावरून २०० किलोमीटर जाईल. उतारावर ही ऊर्जा त्या काळी परत मिळत नसे, ती ब्रेकमध्ये तापून जाई.

आता पश्चिमेकडचे दार पाहा. नंदुरबारची उंचीही सुमारे २१० मीटर. सुरत समुद्रसपाटीपासून दहा-बारा मीटरच वर. दोघांमधील रेल्वेचे अंतर सुमारे १६० किलोमीटर. २०० मीटरचा उतार १,६०,००० मीटरांवर पसरला, म्हणजे सरासरी ८०० ला १. मधले लहानसहान चढउतार असतातच, पण थळ घाटासारखी भिंत या वाटेवर नाही.

हे दार वापरणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस बांधला गेला. ताप्ती व्हॅली रेल्वे या कंपनीचा हा मार्ग सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा असा येऊन अमळनेरला पोहोचतो. लांबी सुमारे २५० किलोमीटर. मार्ग रुंदमापी होता. अमळनेरहून जळगावपर्यंतच्या फाट्याने तो मुंबई–भुसावळ मार्गाला मिळाला.

नाव 'ताप्ती व्हॅली', पण गंमत अशी की रूळ सबंध वाटभर तापीच्या काठाने जात नाहीत. प्रकाशाच्या पुढे तापी डोंगराळ भागात शिरते. तिथे नदीला वाट मिळाली, तरी रुळांना सोयीची वाट दक्षिणेकडून, नवापूरवरून होती. नदीला कडे चालतात, धबधबे चालतात. रुळांना चालत नाहीत. शिवाय सुरत तापीच्या दक्षिण तीरावर आणि जळगावही दक्षिणेलाच. त्यामुळे सुरतेहून जळगावला जाताना पांझरा, बोरी, गिरणा या उपनद्या ओलांडाव्या लागतात, पण खुद्द तापी एकदाही ओलांडावी लागत नाही. त्या काळी तापीसारख्या नदीवर पूल बांधणे म्हणजे मोठाच खर्च. तो टाळता येत असेल तर कोण करील?

आणि शहादा, पुरुषोत्तमनगर कुठे? तापीच्या उत्तरेला. मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. मधल्या नदीला वळसा नव्हता आणि पलीकडे सातपुडा असल्यामुळे उत्तरेच्या बाजूने रुळांना पुढे जायला सोपी वाटही नव्हती.

गावाचे नशीब आणि बाजारभाव

रूळ कुठून जावेत हे भूमी ठरवते, आणि मग गावांचे पुढे काय व्हावे हे रूळ ठरवू लागतात. पुन्हा आकडे घेऊ.

एक टन ज्वारी २५० किलोमीटर न्यायची आहे. रुळावरून लागणारे कार्य : २० × २,५०,००० = ५० लाख ज्यूल. एक किलो ज्वारीच्या दाण्यात सुमारे १४० लाख ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एक टन ज्वारी सुरत ते अमळनेर एवढ्या अंतरावर नेण्याचे कार्य सुमारे साडेतीनशे ग्रॅम ज्वारीतील ऊर्जेएवढे! कोळशाचे जुने इंजिन इंधनातील ऊर्जेचा दहावा भागही कामाला लावू शकत नसे, तरी हिशेब तीन-चार-पाच किलोंच्या पलीकडे फारसा जात नाही.

बैलगाडीने तेच कार्य २५ पट, म्हणजे जवळपास नऊ किलो ज्वारीतील ऊर्जेएवढे. पण बैल काही यंत्र नव्हे. तो चालतो तेव्हाही खातो आणि उभा असतो तेव्हाही खातो. दिवसाला २५ किलोमीटर धरले तर जायला १० दिवस, परतायला १० दिवस. वीस दिवस बैलजोडीची वैरण आणि गाडीवानाची भाकरी त्या एक टन धान्याच्या किमतीतून निघाली पाहिजे. म्हणून रेल्वेच्या आधी धान्य फार लांब जात नसे. गेले तर वाटेतच आपली किंमत खाऊन टाकी.

यातून बाजाराचा एक साधा नियम निघतो. दोन गावांतील भावांत जो फरक असतो, तो वाहतूक खुली असेल तर वाहतुकीच्या खर्चापेक्षा फार जास्त काळ जास्त राहत नाही. जास्त झाला की व्यापारी माल भरतात आणि फरक मिटतो. वाहतूक महाग असेल तर एका गावात धान्य सडते आणि पन्नास कोसांवर लोक उपाशी राहतात.

म्हणूनच नंदुरबार, दोंडाईचा, नवापूर यांसारख्या गावांच्या बाजारपेठांना स्टेशनाचे महत्त्व. पलीकडच्या तीरावरचे धान्यही गाडीत भरायचे तर नदी ओलांडून याच स्टेशनांवर आणावे लागे. नवापूर लहानसे गाव, पण तिथल्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या नवापूरच्या स्टेशनात आणखी एक नवल आहे. लोहमार्ग बांधला तेव्हा दोन्ही बाजूला एकच मुंबई इलाखा होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली आणि सीमारेषा या स्टेशनातूनच गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत! फलाटावरच्या एका बाकाच्या अर्ध्या भागावर एका राज्याचे नाव आणि अर्ध्यावर दुसऱ्याचे. रूळ मात्र सीमेच्या आधीपासूनचे आहेत. ते चढ पाहून टाकले होते, राज्य पाहून नव्हे.

बैल थांबतात तेव्हा

आता थोडे गंभीर बोलू. हा मार्ग पुरा होत होता तेव्हाच, १८९९–१९०० साली, गुजरात, खानदेश आणि राजपुताना या भागांत भयंकर दुष्काळ पडला. लोक त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होते. या दुष्काळात धान्याइतकीच वैरणीची आणि पाण्याची टंचाई होती. गुरे फार मोठ्या संख्येने मेली.

याचा वाहतुकीशी असलेला संबंध तुमच्या लक्षात आला का? बैलगाडीचे इंधन शेतातच उगवते. पाऊस न पडल्यामुळे जिथे धान्य पिकत नाही, तिथे वैरणही पिकत नाही. म्हणजे बाहेरून धान्य आणण्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच बैल चालू शकत नाहीत. आगगाडीचा कोळसा मात्र पावसावर अवलंबून नसतो. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळापासून संरक्षण म्हणून रेल्वे वाढवण्याची शिफारस केली होती, तिच्यामागचे शास्त्र हे असे आहे.

पण शास्त्र इथेच थांबते, हेही सांगितले पाहिजे. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लोक मरत असताना हिंदुस्थानातून परदेशी धान्य जातच होते, आणि ते बंदरापर्यंत नेण्यात रेल्वेही होती. २० न्यूटनचे गणित गाडी कोणत्या दिशेला चालली आहे ते विचारत नाही. गाडी भुकेकडे जात नाही. जिकडे भाव चढा, तिकडे जाते. भुकेल्याच्या हातात पैसा नसेल, तर त्याच्या दारातले स्टेशनही त्याला उपयोगी पडत नाही. रोजगार, रेशन, धान्याची कोठारे ही व्यवस्था माणसांनी करायची असते. स्वातंत्र्यानंतर १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, आणि मालगाड्यांतून धान्य टंचाईच्या भागाकडे मुद्दाम नेणे हे त्याच्या कामांपैकी एक मोठे काम ठरले. स्वस्त वाहतूक ही शक्यता आहे, हमी नव्हे.

मग आजचे उत्तर काय?

आता मूळ प्रश्नाकडे. "आमच्या गावाला आगगाडी का नाही?" याचे १९०० सालचे उत्तर आपण पाहिले. तेच उत्तर आज चालेल का? नाही. प्रकाशा आणि सारंगखेडा येथे तापीवर रस्त्याचे पूल आहेत, म्हणजे नदीवर पूल बांधणे ही आता अशक्य कोटीतली गोष्ट नाही. इंजिने विजेवर चालतात आणि उतारावर ब्रेक लावताना त्यांतली कित्येक इंजिने काही ऊर्जा वीज म्हणून तारांत परत पाठवतात. जुना ताप्ती मार्गही बदलला. कंपनीच्या हातून तो सरकारकडे आला, १९५१ साली पश्चिम रेल्वेचा भाग झाला, आणि उधना ते जळगाव असा सुमारे ३०६ किलोमीटरचा मार्ग २०१८ पर्यंत दुहेरी झाला. त्याचे विद्युतीकरणही झाले. २०२४ साली केंद्र सरकारने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. तो नरडाण्याजवळ या जुन्या मार्गाला भेटून, तापी ओलांडून, शिरपूरकडून सातपुडा चढायचा आहे. जी नदी आणि जो डोंगर पूर्वी टाळला, तोच आता पार करायचे ठरले आहे.

मग अडते कुठे? रुळांचा खर्च गाडी धावली तरी होतो आणि न धावली तरी होतो. तो परवडायला माल भरपूर लागतो. वर पाहिलेल्या एका मालगाडीत २,४०० टन, म्हणजे ५० किलोची ४८,००० पोती मावतात. शिवाय जवळच्या अंतराला ट्रक जिंकतो, कारण तो शेताच्या बांधापासून कोठाराच्या दारापर्यंत जातो. रेल्वेचा माल ट्रकमधून उतरवून वाघिणीत भरायचा आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उतरवायचा. तीस-चाळीस किलोमीटरसाठी हा खटाटोप परवडत नाही. पाचशे-हजार किलोमीटरसाठी परवडतो.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच म्हणालो : "तुझ्या गावाला रेल्वे नाही, ते कोणाच्या शापाने नाही. एके काळी नदीने आणि चढाने ते ठरवले होते. आज ते मालाच्या हिशेबाने ठरते. नदी आपल्याला हलवता येत नाही, पण हिशेब करता येतो. रेल्वे मागायची असेल तर आधी तो कर."

त्याने वही काढली आणि विचारले, "सुरुवात कुठून करू, सर?" हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नापेक्षाही जास्त आवडला. तुम्हालाही सुरुवात करता यावी म्हणून तीन उदाहरणे देतो.

१. तुमच्या बाजार समितीच्या आवारात जाऊन धान्याच्या आवकेची चौकशी करा. हंगामात दिवसाला किती क्विंटल आवक होते? २,४०० टनांची एक मालगाडी भरायला किती दिवस लागतील? त्यातला किती माल पाचशे किलोमीटरच्या पलीकडे जातो?

२. तुमच्या गावापासून जवळच्या स्टेशनापर्यंतच्या वाटेचा सर्वांत मोठा चढ अंदाजा. सायकल पॅडल न मारता कुठे वेग घेते, कुठे एकाच वेगाने चालते, कुठे थांबते हे पाहून तो काढता येईल. कसा, ते गोटीच्या प्रयोगावरून ठरवा.

३. सुरतेहून नंदुरबारला एक टन माल रेल्वेने न्यायचा आहे. १६० किलोमीटरच्या घर्षणासाठी किती कार्य लागेल आणि २०० मीटर उंचीसाठी किती? दोहोंपैकी कोणते जास्त? परतीच्या वाटेवर या दोन आकड्यांचे काय होईल?

शिक्षकांना एक विनंती. तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर फळ्यावर लगेच लिहून देऊ नका. मुलांना आधी अंदाज सांगू द्या. दोनशे मीटरची उंची आणि एकशे साठ किलोमीटरचे अंतर यांची तुलना करताना अंदाज हमखास चुकतो, आणि तो कशामुळे चुकला हे समजले की घर्षणाचा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.